पानाखालचं नाव

गाडे मॅडम चिडल्या की त्यांची भाषा बदलायची. एरवी वर्गात, स्टाफरूममध्ये, प्राचार्यांसमोर त्या आम्हा सगळ्यांसारखंच नेटकं बोलायच्या. पण राग आला की चाकणच्या अलीकडचं त्यांचं गाव जिभेवर यायचं. 'नाही'चं 'न्हाई' व्हायचं, 'आहे'चं 'हाय'. आवाज चढत नसे, उलट खाली उतरायचा. कॉलेजातल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. मॅडमच्या तोंडून हळू आवाजात एखादं 'न्हाई' आलं, की समोरचा माणूस खुर्चीत जरा मागे सरकायचा.

त्यांचं नाव कमल. त्या इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. त्याआधी काही वर्षं त्यांनी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, क्वालिटी विभागात काढली होती. मी कॉमर्सच्या मुलांना मराठी शिकवतो. एरवी आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. ती पडली कॉलेजच्या वेबसाइटमुळे, आणि त्याची सुरुवात मी ऑफिसच्या खिडकीपाशी उभा राहून पाहिली.

खिडकीसमोर एक तरुण बाई उभी होती. अंगात कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. चाकणकडच्या एका कारखान्यात ती लाइनवर काम करत होती. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळी चालणाऱ्या डिप्लोमाला तिला प्रवेश घ्यायचा होता. खिडकीतले निकम तिला सांगत होते, की तो कोर्स बंद होऊन बरीच वर्षं झाली. तिने मोबाइल पुढे केला.

"पण इथं लिहिलंय ना, प्रवेश सुरू आहेत."

"जुनं असेल ते."

"तारीख कुठंय त्याच्यावर?"

"मग मी काय करू, ताई?"

तिने मोबाइल मागे घेतला. मग म्हणाली, "मी सुपरवायझरच्या मागं लागून कायमची फर्स्ट शिफ्ट मागून घेतली. लाइन लीडर करणार होते मला. त्याला फिरती शिफ्ट लागते, म्हणून नको म्हणाले. ती जागा गेली आता."

गाडे मॅडम रजेचा अर्ज द्यायला आल्या होत्या. त्यांनी अर्ज तसाच हातात ठेवून त्या बाईचा मोबाइल मागितला आणि ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं, ओठ हलवत. मग निकमांना विचारलं, "हे पान कुणाचं?"

"तुमच्याच डिपार्टमेंटचं, मॅडम."

मॅडमनी मोबाइल त्या बाईला परत दिला. तशाच वर गेल्या. नंतर कळलं ते असं: त्यांच्या विभागाची वेबसाइट कधीकाळी एका विद्यार्थ्याने प्रोजेक्ट म्हणून बनवली होती. तो पास होऊन बेंगळुरूला गेला. पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. आता ती वेबसाइट विभागातल्या कुणालाही उघडता येत होती, पण बदलता येत नव्हती. बंदसुद्धा करता येत नव्हती. मेकॅनिकलची वेगळी, कॉमर्सची वेगळी, हॉस्टेलची वेगळी, कॉलेजची मुख्य आणखी वेगळी, आणि बहुतेकांची हीच गत.

मॅडम खाली आल्या तेव्हा ती बाई पायरीवर बसली होती. मॅडम तिच्या शेजारी बसल्या.

"ताई, चूक आमची हाय. तुमची न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्या त्याच रजेवर तिच्या कारखान्याच्या गेटपर्यंत गेल्या. सुपरवायझरला भेटल्या, कॉलेजची चूक आहे असं तोंडी सांगितलं, लेखी देते म्हणाल्या. जागा परत मिळाली नाही. पुढे भोसरीत एका संस्थेत त्या बाईला तसाच कोर्स मिळवून दिला, पण त्याबद्दल मॅडम कधी समाधानाने बोलल्या नाहीत. "तो कोर्स तिला आमच्याशिवायबी सापडला असता," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी व्यवस्थापनाला पत्रांवर पत्रं लिहिली. व्यवस्थापनाच्या मनात वेबसाइट बदलायचं होतंच, पण वेगळ्या कारणासाठी. शेजारच्या कॉलेजांच्या वेबसाइट चकचकीत झाल्या होत्या. एका एजन्सीला काम दिलं गेलं. सगळ्या विभागांची मिळून एकच वेबसाइट, मागे एकच सामाईक सिस्टिम, प्रत्येक विभागाला लॉगिन, आणि ज्याने त्याने आपला मजकूर आपणच भरायचा, असं ठरलं. समितीचं प्रमुखपद कुणाला नको होतं. ते गाडे मॅडमना मिळालं. मराठी पानांसाठी मला घेतलं.

पहिल्या बैठकीत एजन्सीचे लोक हलती छायाचित्रं दाखवत होते. ड्रोनने काढलेली इमारत, हसणारे विद्यार्थी. मॅडम उभ्याच होत्या. बैठकीत त्या सहसा बसत नसत. हेल्मेट कोपरात अडकवलेलं असे, कारण एकदा ते पार्किंगमधून चोरीला गेलं होतं आणि तेव्हापासून त्या ते दिवसभर जवळ बाळगत. सगळं दाखवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "छान आहे. एकच हवं. प्रत्येक पानाच्या खाली एका माणसाचं नाव, आणि ते पान त्याने शेवटचं कधी तपासलं ती तारीख. नाव नसेल तर पान दिसताच कामा नये. सिस्टिमनेच अडवलं पाहिजे."

"विभागाचं नाव टाकू या ना," कुणीतरी म्हणालं.

"विभाग काही वाचत नाही नि लिहीत नाही. माणूस लिहितो."

त्या दिवशी ते सगळ्यांना मान्य झालं, कारण त्याचा अर्थ कुणाच्या लक्षात आला नव्हता.

मॅडमची काम करायची पद्धत अशी, की आलेला मजकूर मोठ्याने वाचायचा. शब्दन् शब्द. 'अग्रगण्य' आलं की थांबायच्या आणि विचारायच्या, "कुणाच्या अग्रभागी?" मी एका पानावर सवयीने लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध.' त्यांनी ते वाचलं, पेन केसांत खोचलं आणि म्हणाल्या, "सर, कटिबद्ध म्हणजे कंबर बांधलेला ना? कुणी बांधलीय?" मी ते वाक्य काढलं. त्याजागी ग्रंथालय किती वाजता उघडतं ते लिहिलं.

मग त्यांनी विभागप्रमुखांना एकेक करून बोलावलं. प्रत्येकाच्या हातात त्याचाच मोबाइल. "समजा, तुम्ही आंबेगावातले पालक आहात. मुलाला तुमच्या विभागात घालायचंय. फी शोधा. हॉस्टेल आहे का शोधा. कुणाला फोन करायचा ते शोधा." मेकॅनिकलचे राऊत सर बराच वेळ पडद्यावर बोट फिरवत राहिले. शेवटी त्यांना एक नंबर सापडला. मॅडम म्हणाल्या, "लावा." त्यांनी लावला. तो वाकडमधल्या कुठल्याशा केक शॉपचा निघाला.

खोलीत दोन-तीन लोक हसले. राऊत सरांनी मोबाइल खिशात टाकला.

"मी या कॉलेजात केस पांढरे केले, मॅडम. मला परीक्षेला बसवता?"

"तुम्हाला न्हाई. पानाला."

"लोकांसमोर नाक कापायचं आणि वर पान म्हणायचं. ठीक आहे."

त्यानंतर राऊत सर त्यांच्याशी बोलेनासे झाले. त्यांच्यामागोमाग आणखी काही जण. मजकूर वेळेवर येईना. विभागांच्या बैठकी ऐनवेळी रद्द होऊ लागल्या. प्रवेशाचा हंगाम तोंडावर आला होता आणि निम्मी पानं रिकामी होती. संस्थेच्या संचालकांच्या केबिनमधून रोज विचारणा व्हायची. मॅडम पुड्यातला ओवा चघळत, दुपारचं जेवण टाळून, हे दार ते दार फिरत असत. लोक त्यांना येताना पाहून फोन कानाला लावायचे.

त्या घाईत त्यांच्या हातून एक गोष्ट झाली. ज्या जुन्या वेबसाइटना कुणी धनी नव्हता, त्या त्यांनी एजन्सीला सांगून सर्व्हरवरूनच बंद करायला लावल्या. त्यात वनस्पतीशास्त्राच्या भिडे सरांची होती. सर निवृत्त होऊन थेरगावात राहत होते. इंद्रायणीच्या काठाने, देहूपासून आळंदीपर्यंत, त्यांनी हयातभर झाडाझुडपांचे फोटो काढले होते. मराठी नावं, गावातली नावं, कुठे दिसलं, आता आहे की नाही, सगळं स्वतः टाइप करून चढवलं होतं. भिडे सर काठी टेकत कॉलेजात आले. मी तिथेच होतो.

"माझं काढलंत?" त्यांनी विचारलं.

"सर, जबाबदार माणूस नाही तर पान नाही, असा नियम केलाय."

"मी आहे की."

"तुम्ही सेवेत नाही."

"झाडं कुठं सेवेत आहेत?" भिडे सर म्हणाले. त्यांचा स्वर भांडणाचा नव्हता. ते खरंच विचारत होते. सर निघून गेले.

संध्याकाळी मॅडम मला म्हणाल्या, "सर, थेरगावला येता का माझ्याबरोबर?" आम्ही डांगे चौकाच्या गर्दीतून वाट काढत त्यांच्या घरी गेलो. मॅडमनी दारातच सांगितलं, "सर, मी चुकले. नियम केला तेव्हा तुमचा विचार केला नाही." भिडे सरांनी दोघांना आत बोलावलं आणि एका फोटोवरून दुसऱ्यावर नेत बराच वेळ बसवून ठेवलं. सगळी पानं नव्या सिस्टिममध्ये आली. खाली नाव, 'प्रा. भिडे, निवृत्त.' लॉगिन फक्त सेवेतल्या लोकांना द्यायचं असा संचालकांचा आदेश होता. मॅडमनी तो मोडला आणि तसं त्यांना कळवूनही टाकलं. केबिनमध्ये त्यांच्या नावावर ही एक गोष्ट जमा झाली.

खरी ठिणगी पडली ती नोकऱ्यांच्या पानावरून. आमच्या कॉलेजची जुनी घोषणा होती, 'शंभर टक्के प्लेसमेंट.' मजकूर संचालकांकडून तयारच आला होता, फक्त चढवायचा होता. मॅडमनी तो मोठ्याने वाचला आणि परत पाठवला. मग बोलावणं आलं. मराठी मजकूर म्हणून मलाही जावं लागलं.

संचालक वाईट माणूस नव्हते. पण त्या दिवसांत दमलेले होते. जागा भरल्या नाहीत तर त्यांनाही वर उत्तर द्यावं लागणार होतं.

"मॅडम, सगळी कॉलेजं हेच लिहितात."

"सर, आपल्या पोरांना कंपन्या ट्रेनी म्हणून घेतात. मुदत संपली की घरी पाठवतात. ती माझ्याकडे येऊन बसतात. त्यांना मी काय सांगू, तुम्ही शंभरात हाय म्हणून?"

"नोकरी लागली, हे तर खरं आहे."

"मग तेवढंच लिहू. ट्रेनी म्हणून लागली. किती टिकली तेही लिहू."

"आणि जागा कोण भरणार?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला शंभर टक्के लिहायचं असेल तर लिहा, सर. खाली नाव तुमचं टाका."

संचालकांनी समोरचा कागद बाजूला सारला. "बघू," म्हणाले. आम्ही बाहेर आलो. जिन्यात मॅडमनी कठडा धरला. "विभागप्रमुखाच्या जागेसाठी अर्ज केलाय मी," त्या म्हणाल्या. "मुलाखत त्यांच्याकडेच आहे." एवढं बोलून त्या तासाला गेल्या.

नवी वेबसाइट सुरू झाली त्या सकाळी सगळे आपापल्या मोबाइलवर ती बघत होते. स्टाफरूममध्ये कुणीतरी पेढे आणले होते. मॅडम एका कोपऱ्यात उभं राहून एकेक पान उघडत होत्या. मधेच त्यांचं बोट थांबलं. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

'शंभर टक्के प्लेसमेंट.' जसाच्या तसा मजकूर. आणि खाली, तपासल्याच्या तारखेसह, 'प्रा. कमल गाडे.'

त्यांनी एजन्सीला फोन लावला. तिकडचा माणूस अवघडून म्हणाला, "मॅडम, रात्री केबिनमधून सांगितलं. नावाशिवाय सिस्टिम घेत नव्हती. प्रमुख तुम्ही, म्हणून तुमचं टाका म्हणाले."

मॅडमनी फोन ठेवला. हेल्मेट कोपरात होतंच. "सर, चला," म्हणाल्या. मी का गेलो ते मला सांगता येणार नाही. कदाचित त्यांना कुणीतरी बघणारं हवं होतं.

केबिनचं दार उघडं होतं. मॅडम आत जाऊन टेबलासमोर उभ्या राहिल्या. आवाज इतका खाली होता, की मला पुढे झुकावं लागलं.

"हे मी लिहिलेलं न्हाई."

"तुम्ही समितीच्या प्रमुख आहात."

"व्हय. या पानाची न्हाई."

"मॅडम, आज पहिला दिवस आहे. पालक बघतायत. हे पान तसंच राहील. पुढचं आपण नंतर बोलू. तुमच्या मुलाखतीबद्दलही बोलायचंय."

मॅडमनी मोबाइल समोर धरला, अंगठ्याने दोनदा काहीतरी दाबलं आणि तो टेबलावर उलटा ठेवला.

"काढलं."

संचालकांनी आपल्या संगणकावर बघितलं. पान गेलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग येण्याआधी थकवाच आला.

"तुम्हाला काढता येतं, तसं मलाही येतं," ते म्हणाले.

"येतं की," मॅडम म्हणाल्या. "मला ठाऊक हाय."

दुपारच्या आत त्यांचं लॉगिन बंद झालं. आठवडाभरात समिती बरखास्त झाली. विभागप्रमुखाच्या मुलाखतीचं पत्र त्यांना आलं, मुलाखतही झाली, आणि जागा दुसऱ्याला मिळाली. सत्र संपताना त्यांची बदली संस्थेच्या चाकणकडच्या डिप्लोमा कॉलेजात झाली. घराजवळ पडेल, असं पत्रात म्हटलं होतं.

पण ते पान अडून राहिलं. सिस्टिम नावाशिवाय घेईना, लॉगिन बंद केल्यामुळे मॅडमचं नावही घेईना, आणि ती अट काढायची तर एजन्सीला पुन्हा बरंच काम करावं लागणार होतं. संचालकांनी स्वतःचं नाव टाकलं नाही. विभागप्रमुखांना एकेकाला विचारण्यात आलं. ज्यांनी वर्षानुवर्षं ती घोषणा सभेत सांगितली होती, त्यांना आता महत्त्वाची कामं निघाली. प्रवेशाचा हंगाम चालू, आणि नोकऱ्यांच्या पानाची जागा कोरी.

एक दिवस राऊत सर माझ्या टेबलापाशी आले. हातात टाइप केलेला कागद होता. त्यात लिहिलं होतं, की मेकॅनिकलच्या काही मुलांना कायमची नोकरी लागते, बऱ्याच जणांना आधी ट्रेनी म्हणून घेतात आणि त्यांतले सगळे टिकत नाहीत. जे टिकत नाहीत त्यांनी विभागात येऊन भेटावं, पुढचं बघता येतं. खाली त्यांचं नाव आणि मोबाइल नंबर.

"शुद्धलेखन बघा," ते म्हणाले. "मजकूर बघू नका."

मी दोन वेलांट्या बदलल्या. ते कागद घेऊन निघाले, मग वळले.

"ती बाई मला आवडत नाही. आजही नाही. पण पान रिकामं राहिलं तर पालक मलाच फोन करतात. आणि खोट्याखाली माझं नाव मी लावणार नाही."

ते पान चढलं. केबिनमधून फोन आला असणार. राऊत सरांनी काय उत्तर दिलं ते कुणाला कळलं नाही, पण पान राहिलं. पुढे इलेक्ट्रॉनिक्सने तसंच लिहिलं, मग कॉमर्सने. बाकीच्यांची जागा कोरीच आहे. डांगे चौकात मात्र आमच्या कॉलेजचा फ्लेक्स 'शंभर टक्के' म्हणत दरवर्षी लागतो. फ्लेक्सखाली कुणाचं नाव लागत नाही.

मध्ये बराच काळ मॅडमची भेट झाली नाही. गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या कॉलेजात परीक्षेच्या कामासाठी गेलो. त्या प्रयोगशाळेत होत्या, अंगावर निळा ॲप्रन, हातात सोल्डरिंगची बंदूक. एका मुलीचं सर्किट चालत नव्हतं आणि त्या तिला घाई करू देत नव्हत्या. मला बघून त्यांनी मान हलवली, काम पुरं केलं, मगच बाहेर आल्या. वाळल्या होत्या. चहा पिताना मी विचारलं, इथं बरं चाललंय ना.

"पोरं चांगली हायेत," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "ती जागा मला पाहिजे होती, सर. लोक म्हणतात, बरं झालं, सुटलात. मी सुटले न्हाई. अजून राग येतो."

"केबिनचा?"

"त्यांचा. माझाबी. त्या जागेच्या रांगेत अजून थोडं थांबायला पाहिजे होतं का, असं वाटतं कधीकधी. मग तो मजकूर आठवतो, आणि वाटतं, न्हाई."

त्यांचा फोन वाजला. वडिलांचा होता. कांदा बाजारात न्यायचा होता आणि टेम्पोवाला आला होता. "व्हय दादा, निघालेच," म्हणाल्या आणि ॲप्रन काढून उठल्या.

मी फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर गेलो. शिफ्ट सुटली होती. कंपन्यांच्या बसगाड्या रस्त्यावर एकीमागे एक उभ्या होत्या, मधे ट्रक आडवे, हॉर्नचा नुसता गोंधळ. मॅडमनी त्या गर्दीत स्कूटर घातली खरी, पण दहा-बारा हातांवरच ती अडकली. पुढे वाट नव्हती. त्यांनी एकदा मान वर करून लांबपर्यंत बघितलं. मग गाडी बंद केली, खाली उतरल्या, पदर खोचला आणि हँडल धरून रस्त्याच्या कडेच्या मातीतून स्कूटर ढकलत चालू लागल्या. हेल्मेट डोक्यावरच होतं. बसच्या खिडक्यांतून लोक बघत होते. एक बस मागे पडली, दुसरी पडली, तिसरी पडली. मी उभा राहून बघत होतो. रांग जागची हलली नव्हती, आणि त्या वळणापाशी पोहोचल्या होत्या.